ट्युनिशियन क्रोशे ऑनलाइन शिकताना

नाशिकच्या थंडीत वापरायला ट्युनिशियन क्रोशेचा (आकड्याच्या सुईचं विणकाम, ज्यात प्रत्येक ओळ जाताना आणि परतताना अशी दोनदा विणतात) जाड, उबदार स्टोल फार छान होतो. ऑनलाइन क्लास लावला असेल तर सुई आधी आणून ठेवा. नेहमीची आखूड सुई मोठ्या कामाला पुरत नाही, कारण जाताना ओळीतले सगळे टाके सुईवरच राहतात आणि परतताना एकेक सुटतात. त्यासाठी लांब किंवा मागे केबल असलेली सुई लागते. मेन रोडला लोकर घ्यायला जाल तेव्हा जाडी नीट बघा आणि त्या लोकरीला एरवी वापरता त्यापेक्षा 1 ते 2 मिमी मोठी सुई मागा. हे विणकाम स्वभावतःच वळतं. घट्ट विणलं तर गुंडाळीच होते!

सरावाला फिकट रंगाची साधी लोकर घ्या, काळ्या लोकरीत उभे दांडे (आधीच्या ओळीतले समोर दिसणारे उभे धागे, ज्यांतून नवा टाका घेतात) दिसतच नाहीत. कडेकडे जास्त लक्ष द्या. सुईवरचा पहिला फंदा हाच पहिला टाका, म्हणून कडेचा पहिला दांडा सोडायचा. शेवटचा टाका मात्र कडेच्या दोन्ही धाग्यांतून घ्यायचा. प्रत्येक ओळीला, परतण्याआधी, फंदे मोजा.

रेकॉर्डिंग मिळत असेल तर परतीची ओळ निम्म्या वेगाने बघा. शंका विचारताना मोबाइल हातांच्या वर धरायला घरातल्या कुणाला तरी बसवा.