आगळाचे मणी: आधी साबुदाण्याएवढे, मग रव्याएवढे

सोलकढीवर सोडायला आगळाचे, म्हणजे भिरंडाच्या (कोकमाच्या) खारवलेल्या दाट रसाचे, लाल मणी करायचे आहेत. पण हे आगळ थेट सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात ओतले की गाठीच गाठी होतात. अल्जिनेट म्हणजे तपकिरी समुद्रशेवाळातली लांब शर्करासाखळी. पीएच साधारण ३.५ च्या खाली गेला की ती पाण्यात विरघळलेली राहत नाही, आणि आगळ तर त्याहून कितीतरी आंबट. खायचा सोडा घालून आंबटपणा मारला तर आगळाचा लाल रंगच जातो. म्हणून आधी बिनरंगी मणी पाडायचे आणि मग ते आगळात भिजवायचे.

लागणारे जिन्नस: खाण्याच्या दर्जाचे सोडियम अल्जिनेट ३ ग्रॅम, साखर २० ग्रॅम, आरओचे पाणी २०० मिलिलिटर. दुसऱ्या भांड्यासाठी कॅल्शियम लॅक्टेट १० ग्रॅम आणि पाणी अर्धा लिटर. शिवाय ५ मिलिलिटरची नवी सिरिंज, फवाऱ्याची नवी बाटली, मलमलचा तुकडा आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. चमच्याचे माप इथे चालत नाही. गोव्याच्या पावसाळ्यात अल्जिनेटची पूड चटकन सादळते, तेव्हा ती घट्ट झाकणाच्या बरणीतच ठेवा.

पूड आधी कोरड्या साखरेत नीट मिसळा. नुसती पाण्यात टाकली तर तिच्या गोळ्या होतात, बाहेरून ओल्या आणि आत कोरड्या. मिक्सर चालू ठेवून हे मिश्रण पाण्यात थोडे थोडे सोडा आणि मिनिटभर फिरवा. द्रावण फेसाळलेले दिसेल. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले की हवा निघून जाते. ही पायरी गाळली तर मणी तरंगतात. विहिरीचे जड पाणी वापरू नका, त्यातल्या कॅल्शियममुळे द्रावण आधीच दाटते.

कॅल्शियम लॅक्टेट कोमट पाण्यात विरघळवून थंड करा. कॅल्शियम क्लोराइडनेही काम होते, पण त्याची कडवट चव मण्यांना राहते. आता सुई न लावता सिरिंजमधून द्रावण थेंब थेंब सोडा. उंची ८ ते १० सेंटिमीटर ठेवा. त्याहून जवळ धरले तर थेंबाला शेपूट राहते, फार उंचावरून सोडले तर तो चपटा होतो. थेंब पडताक्षणी कॅल्शियम दोन साखळ्यांच्या खोबणींत बसून त्यांना जोडते आणि भोवती साय धरते. दोन मिनिटांनी काढले तर मणी दाताखाली मऊ फुटतो. अर्धा तास ठेवला तर आतपर्यंत घट्ट होतो. काढल्यावर साध्या पाण्यात दोनदा धुवा.

रव्याएवढ्या कणांसाठी उरलेल्या द्रावणात तितकेच आरओचे पाणी घाला. दाट द्रावण फवाऱ्यातून धारेसारखे येते, धुक्यासारखे नाही. परातीत कॅल्शियमचे पाणी पसरून फूटभर उंचीवरून फवारा मारा, दहा मिनिटे थांबा, मलमलमधून गाळून धुवा.

आता आगळ एकास तीन पाण्याने पातळ करून दोन्ही आकार त्यात टाका. साबुदाण्याएवढ्या मण्याच्या मध्यापर्यंत रंग जायला दहा मिनिटे धरा. बारीक कण काही सेकंदांत लाल होतात. रंग आत मुरायचा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून व्यास दहापट कमी झाला की वेळ शंभरपट कमी. मण्यांत औषध भरून ते हळूहळू सोडायचे असेल, तर नेमके हेच आडवे येते. कॅल्शियमने जोडलेल्या साखळ्यांच्या जाळीची भोके नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतकी असली, तरी औषधाचा लहान रेणू त्यांतून सहज निसटतो. दह्यातले जिवाणू मायक्रॉनएवढे, म्हणजे या भोकांहून खूप मोठे, ते आत अडकून राहतात. म्हणून जिवाणू आणि पेशी कोंडून ठेवायला अल्जिनेट उत्तम. १९८० मध्ये लिम आणि सन या संशोधकांनी स्वादुपिंडाच्या पेशी अशाच सूक्ष्म कोशांत घालून मधुमेही उंदरांच्या अंगात ठेवल्या, तेव्हा पेशींभोवती जाळी असूनही इन्सुलिन बाहेर येत राहिले.

एक चाचणी जरूर करून पाहा. थोडे बिनरंगी मणी लिंबाच्या रसात टाका, थोडे १०० मिलिलिटर पाण्यात दीड ग्रॅम सोडियम सायट्रेट विरघळवून त्यात. रसातले मणी आकसून टिकून राहतात, सायट्रेटमधले फुगून विरतात, कारण सायट्रेट कॅल्शियम ओढून घेते. पोटातही साधारण असेच घडते: जठराच्या आम्लात अल्जिनेटची गोळी बंद राहते आणि आतड्यात पोचल्यावर सैल होते. पण बारीक कणांत रंगासारखेच आम्लही लगेच मध्यापर्यंत पोचते, त्यामुळे आम्लात जिवाणू सांभाळायचे तर कण फार बारीक करून चालत नाही. घरच्या मण्यांत मात्र कसलेही औषध भरू नका; त्याची मात्रा घरी मोजता येत नाही.

गोव्यात हणजूणच्या खडकांवर सरगॅसम हे तपकिरी समुद्रशेवाळ दिसते आणि त्यातही अल्जिनेट असते. पण ते शुद्ध करायला सोडा आणि आम्लाच्या बऱ्याच पायऱ्या लागतात. खाण्यासाठी विकतचेच घ्या.

मे महिन्यात जिलेटिनची जेली वाढेपर्यंत पाणी होते. हे मणी उन्हात वितळत नाहीत. पण आगळात घालून साठवू नका, त्यातल्या मिठाने ते सैल होतात. बिनरंगी मणी किंचित कॅल्शियम लॅक्टेट घातलेल्या पाण्यात फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात. वाढायच्या दहा मिनिटे आधी आगळात भिजवा आणि सोलकढी पेल्यात ओतल्यावर वरून सोडा.