वाढदिवसाचं गणित करताना या चुका टाळा

खोलीत २३ माणसं असली, की त्यांतल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता ५०.७ टक्के असते. यावर प्रश्न ठरलेला: वर्षाचे दिवस ३६५, मग २३ जणांत कसं जमेल?

असं वाटतं, कारण आपण नकळत स्वतःचा वाढदिवस मध्ये आणतो. ‘माझ्या तारखेला आणखी कोण?’ हा वेगळाच प्रश्न आहे. उरलेल्या २२ जणांपैकी कुणाची तारीख तुमच्याशी जुळण्याची शक्यता जेमतेम ६ टक्के. ती निम्म्यावर न्यायला २५३ माणसं गोळा करावी लागतील. मूळ प्रश्नात मात्र तारीख कुठलीही चालते आणि माणसंही कुठलीही. मोजायच्या त्या जोड्या: २३ × २२ ÷ २, म्हणजे २५३. (दोन्हीकडे २५३ आला तो उगाच नाही. दोन्ही वेळा तितक्याच तुलना होतात.)

एवढं पटलं, की पुढची चूक तयार असते. २५३ भागिले ३६५ करून लोक ६९ टक्के उत्तर काढतात. हीच रीत २८ जणांना लावून बघा. जोड्या ३७८, म्हणजे शक्यता १०० टक्क्यांच्या वर! जोड्यांच्या शक्यतांची अशी बेरीज चालत नाही, कारण एकाच गटात दोन-तीन जोड्याही जुळू शकतात आणि बेरजेत तो गट तितक्या वेळा मोजला जातो. म्हणून गणित उलटीकडून करायचं. कुणाचंच जुळत नाही, याची शक्यता आधी काढा: ३६४/३६५ गुणिले ३६३/३६५ असं करत ३४३/३६५ पर्यंत. उत्तर येतं ०.४९३. ते १ मधून वजा केलं, की झालं.

उत्तर ४९.३ टक्के आलं असेल, तर शेवटची वजाबाकी राहिली. ५३.८ आलं असेल, तर तुम्ही ३४२ पर्यंत गेलात आणि ते २४ जणांचं उत्तर आहे. एक्सेलमध्ये ३६५ चं फॅक्टोरियल (३६५ × ३६४ × ३६३ असं १ पर्यंत) काढायला गेलात तर एरर येणारच, १७० च्या पुढे त्याची मजल नाही. त्यापेक्षा एका कॉलममध्ये एकेक अपूर्णांक लिहा आणि शेजारच्या कॉलममध्ये गुणाकार पुढे नेत राहा.

एका वर्गात प्रयोग केला, जुळलं नाही, म्हणून गणित खोटं ठरत नाही. ३० मुलांच्या वर्गातही शक्यता ७० टक्केच आहे, दहांतले तीन वर्ग कोरडे जायचेच. पडताळायचं तर अनेक गट घ्या. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकात ३२ संघ होते, प्रत्येकात २३ खेळाडू. वाढदिवस जुळले बरोबर १६ संघांत. इतकं नेमकं निम्मं येणं हे मात्र नशीब.

क्रिकेटवाले इथे ६ डिसेंबर काढतात: जडेजा, बुमरा आणि श्रेयस अय्यर, तिघांचीही तीच तारीख आणि तिघंही २०२३ च्या विश्वचषक संघात. पण दोघांचं जुळणं आणि तिघांचं जुळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १५ जणांत दोघांची शक्यता २५ टक्के, तिघांची हजारात तीन-चार. तिघांसाठी निम्मी शक्यता हवी तर ८८ माणसं लागतात. शिवाय असं उदाहरण आपण शेकडो संघांतून वेचून आणलेलं असतं, हे विसरू नये.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे १ जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, घरी जन्मतारीख कुणाला माहीत नसायची, मग गुरुजी हजेरीपटावर सोयीची तारीख टाकून मोकळे व्हायचे. त्यामुळे ज्येष्ठ नागरिक संघात कागदावरच्या तारखा विचारल्या, तर १ जूनवाले एकामागून एक हात वर करतील. वरचं गणित सगळ्या तारखा सारख्याच संभवनीय आहेत असं धरून चालतं. जन्म वर्षभर थोडे कमी-जास्त होतात त्यानं फारसं बिघडत नाही, जुळण्याची शक्यता किंचित वाढतेच. गुरुजींच्या तारखेनं मात्र प्रयोगच बाद होतो. अशा गटात घरी सांगितलेली खूण विचारा: ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’, ‘दत्तजयंतीला’. जन्मवर्ष पक्कं असेल, तर जुन्या पंचांगातून तारीख निघते. वर्षही अंदाजपंचे असेल, तर ते नाव यादीतून वगळा.