अर्जाचा निबंध मित्राला वाचायला देण्याआधीची तयारी

परदेशात पदवीसाठी अर्ज करणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलांना मी एक गोष्ट आग्रहाने सांगते: तुमचा निबंध बरोबरीच्या कुणाला तरी वाचायला द्याच, पण तयारी करून द्या. व्हॉट्सॲपवर फाइल टाकून ‘जरा बघ ना’ एवढंच म्हटलं, तर ‘भारी झालाय, फक्त ग्रामर एकदा बघून घे’ असंच उत्तर येणार. त्यात मित्राचा काही दोष नाही. त्याने काय बघायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. व्याकरण बघायला इंग्रजीचे सर असतात, कॉलेजांची माहिती द्यायला समुपदेशक असतात. मित्राकडून मिळवायचं ते वेगळंच: तुम्ही लिहिलेलं वाचून त्याच्यापर्यंत काय पोहोचलं आणि काय वाटेतच राहिलं. दुरुस्ती मागायची नाही. पुढची सगळी तयारी हे लक्षात ठेवून करायची आहे.

सुरुवात कागदाच्या माथ्यापासून करा. अर्ज कोणता, प्रश्न काय आणि शब्दमर्यादा किती हे तिथे लिहा, आणि प्रश्न अगदी शब्दशः उतरवा. हे नसेल तर वाचणारा शाळेतला निबंध तपासल्यासारखा वाचत जातो. अमेरिकेतल्या कॉमन ॲपचा, म्हणजे अनेक कॉलेजांना एकत्र अर्ज करायच्या ऑनलाइन अर्जाचा, मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो. तो एकच निबंध बऱ्याच कॉलेजांना जातो, आणि गुणपत्रिकेत न दिसणारा माणूस त्यात दिसावा अशी अपेक्षा असते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा अर्ज वेगळा असतो. तिथे आठपैकी चार प्रश्न निवडायचे, प्रत्येकाला जास्तीत जास्त ३५० शब्द. तिथे साहित्यिक फुलोऱ्यापेक्षा सरळ उत्तर हवं असतं, म्हणून मित्राला ‘सुरुवात कशी वाटली’ असं विचारू नका, ‘प्रश्नाचं उत्तर मिळालं का’ असं विचारा. आणि चारही उत्तरं एकत्रच द्या, कारण एकच रोबोटिक्स क्लब चारपैकी तीन उत्तरांत आला असेल तर तो एकेक उत्तर सुटं वाचणाऱ्याला दिसणार नाही. ब्रिटनच्या विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणाऱ्या यूकास या संस्थेचा निबंध, म्हणजे पर्सनल स्टेटमेंट, तर आणखी निराळं. २०२६च्या प्रवेशापासून ते तीन प्रश्नांत विभागलं आहे, एकूण मर्यादा ४,००० कॅरॅक्टर (अक्षरं, चिन्हं आणि मोकळ्या जागा सगळं धरून), आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० कॅरॅक्टरचं. तिथे सगळा भर विषयावर असतो, म्हणून फिजिक्सला अर्ज करत असाल तर फिजिक्सची आवड असलेला मित्र शोधा. कविता करणारी मैत्रीण कितीही जवळची असली तरी इथे तिचा उपयोग कमीच.

कॉमन ॲपच्या निबंधासोबत तुमची ॲक्टिव्हिटीजची यादीही जोडा. तिथे जास्तीत जास्त दहा उपक्रम आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० कॅरॅक्टर असतात. निबंधात तीच यादी पुन्हा वाक्यांत गुंफलेली असेल, तर ते मित्राला लगेच कळतं. लिहिणाऱ्याला मात्र कळत नाही, कारण प्रत्येक उपक्रमामागची धडपड त्याला आठवत असते.

कितवा ड्राफ्ट द्यायचा? साधारण दुसरा. पहिला फार कच्चा असतो. त्याच्याबद्दल मित्र जे सांगेल ते तुम्हालाही आधीच माहीत असतं. आणि प्रत्येक वाक्यावर जीव जडल्यानंतर दिलेला ड्राफ्ट म्हणजे सल्ला मागण्याचा नुसता उपचार. दार बंद करून स्वतः एकदा मोठ्याने वाचलेला आणि अजून एखादा परिच्छेद काढून टाकायची हिंमत शिल्लक असलेला ड्राफ्ट द्या.

आता माणसं निवडायची, आणि यावर मनापासून वेळ घालवा. मला दोन वाचक पुरेसे वाटतात. एक तुम्हाला नीट ओळखणारा, दुसरा तुमच्या जगाबाहेरचा. समजा, पुण्यातल्या एका मुलीने ढोल-ताशा पथकावर निबंध लिहिला. नदीकाठचा सराव, कमरेला बांधलेल्या ढोलाचं वजन, सोललेली बोटं, पहिल्याच वर्षी मिरवणुकीत वाजवायला न मिळणं. पथकातली मैत्रीण हे वाचेल आणि ‘नाही गं, तू तेव्हा रडली नव्हतीस, चिडली होतीस’ असं सांगेल. निबंध खरा होतो तो अशा वाक्याने. पण पथक म्हणजे काय, त्यात किती जण असतात, सराव महिनाभर आधी का सुरू होतो, हे निबंधात कुठेच आलेलं नाही, हे तिच्या लक्षात येणार नाही. ते सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं असतं. त्यासाठी गणेशोत्सव न पाहिलेला वाचक हवा. न्यू जर्सीत किंवा लंडनजवळ वाढलेली मावसबहीण किंवा आतेभाऊ असेल तर उत्तमच, विशेषतः त्यांनी गेल्याच वर्षी हे अर्ज भरले असतील तर. दहावीचा बोर्ड, जेईईचा क्लास, वारी, गडावरचा ट्रेक, सोसायटीचं गणपती मंडळ यांतलं काय समजावून सांगावं लागतं आणि काय न सांगताही कळतं, ते त्यांच्या प्रश्नांवरून ठरतं.

त्याच कॉलेजला, त्याच फेरीत अर्ज करणाऱ्या वर्गमित्राला शक्यतो देऊ नका. तो तुमचं वाईट चिंतेल म्हणून नव्हे. वाचताना तो मनातल्या मनात स्वतःच्या निबंधाशी तुलना करत राहतो, आणि मग दोघांचेही निबंध नकळत एकमेकांसारखे होत जातात.

हे एकसारखं होणं भलतंच महागात पडू शकतं. यूकास आलेली स्टेटमेंट एकमेकांशी आणि जुन्या स्टेटमेंटशी ताडून बघते. २००७ साली तिथे एक प्रकार उघडकीला आला: लहानपणी रसायनांचे प्रयोग करताना आपल्या पायजम्याला भोक पडलं, ही एकच आठवण २३४ अर्जदारांनी स्वतःची म्हणून लिहिली होती. त्यातल्या अनेकांनी ती कुठल्या तरी नमुना निबंधातून उचलली असणार. तुमचा ड्राफ्ट तीस जणांच्या ग्रुपवर टाकलात तर त्याचाही नमुना व्हायला वेळ लागत नाही. म्हणून निबंध माणसाला द्या, ग्रुपला नको. गूगल डॉक्सवर देत असाल तर लिंक सगळ्यांसाठी उघडी ठेवू नका, त्या एकाच ईमेलला परवानगी द्या, आणि एडिटरची नको, कॉमेंटरची द्या. वाचणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगून ठेवा की हा मजकूर त्याने पुढे पाठवायचा नाही आणि चॅटजीपीटीत टाकून ‘फीडबॅक’ काढायचा नाही. तुमच्या घरातल्या गोष्टी कुणी परस्पर यंत्राच्या हवाली करू नयेत, हे एक. शिवाय एआयने लिहिलेला भरीव मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमांत फसवणुकीत मोडतं. अर्ज पाठवताना हे सगळं माझंच आहे अशी सही तुम्ही करता, मित्र करत नाही.

निबंधात बाबांची गेलेली नोकरी, आईचं आजारपण, स्वतःचं नैराश्य असं काही आलं असेल, तर मित्राच्या आधी घरच्यांशी बोला. अशा निबंधासाठी वाचक एकच ठेवा.

मी स्वतः कागदाच्या बाजूने आहे. डॉक्समध्ये मित्राने सुचवलेलं वाक्य एका क्लिकवर तुमच्या निबंधात येऊन बसतं, आणि दहा-बारा क्लिकनंतर तो आवाज तुमचा राहत नाही. कागदावर दीड ओळीचं अंतर आणि रुंद समास ठेवून प्रिंट काढा, ओळींना क्रमांक द्या, आणि मित्राला पेन्सिल द्या. पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घ्यायचीच नाही.

मग प्रश्न. ते आधीच लिहून ठेवा, तीन-चारच, आणि ‘आवडला का’ हा त्यात नको. सगळ्यात उपयोगी पडणारी मागणी ही: एकदा वाच, कागद उलटा ठेव, आणि मी काय लिहिलंय ते मला मराठीत सांग. तुम्ही मध्ये बोलायचं नाही, फक्त टिपून घ्यायचं. ‘तुझे आजोबा रेडिओ दुरुस्त करायचे, तू शेजारी बसून सुटे भाग वेगळे करायचास, आणि ते गेल्यावर एक रेडिओ तसाच अर्धवट राहिला’ असं तो घडाघडा सांगेल, म्हणजे तो भाग पोहोचला. पण पुढच्या परिच्छेदापाशी अडखळून ‘मग काहीतरी लीडरशिपचं आहे, पॅशनबद्दल’ असं म्हणाला, तर तिथे इंग्रजी शब्द आहेत पण तुम्ही नाही. पोकळ वाक्याला इंग्रजीचा भरजरी अंगरखा चढवता येतो, घरच्या भाषेत सांगायला गेलं की त्यात काहीच नव्हतं हे कळतं.

दुसरा प्रश्न: कुठे लक्ष उडालं? ओळीचा क्रमांक सांगितला तरी पुरे, कारण सांगायची गरज नाही. तिसरा: हे वाचून माझ्याबद्दल तुला आधी माहीत नसलेलं काय कळलं? जवळचा मित्र ‘काहीच नाही’ म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका, त्याला तुमचं बरंच काही ठाऊक असतं. बाहेरच्या वाचकाने तेच म्हटलं तर मात्र विषयच बदलायचा का याचा विचार करा. एखाद्या कॉलेजासाठी ‘आमच्याकडेच का’ असा छोटा निबंध असेल, तर कॉलेजाच्या नावावर बोट ठेवून मित्राला वाचायला लावा. दुसरं कुठलंही नाव तिथे चालत असेल, तर तो निबंध अजून लिहायचाच आहे.

आपल्या शाळांच्या एका सवयीबद्दल मित्राला आधीच सावध करा. आपण सगळेच सुविचाराने सुरुवात आणि तात्पर्याने शेवट करायला शिकलो, आणि त्याचे गुण मिळवत आलो. त्यामुळे गांधीजींच्या नाहीतर कलामांच्या वचनाने सुरू झालेला निबंध तुमच्या मित्राला मुळीच खटकणार नाही, उलट भारदस्त वाटेल. त्याला सांगा, पहिला परिच्छेद हाताने झाक आणि दुसऱ्यापासून वाच. काही अडलं नाही, तर पहिला परिच्छेद काढून टाका. शेवटच्या परिच्छेदाचंही तसंच करा. ६५० शब्दांत हे दोन परिच्छेद दीडशे शब्द सहज खातात, आणि आजोबांच्या रेडिओला तेवढे शब्द खरंच हवे असतात.

त्यानंतर एकदा मित्राने मोठ्याने वाचावं आणि तुम्ही ऐकावं. जिथे त्याची जीभ अडखळते तिथे खूण करा, बस.

वाचणाऱ्याचीही तयारी लागते, आणि ती करून देणं तुमचं काम. दोन क्लासच्या मधल्या वीस मिनिटांत वडापाव खाता खाता हे होत नाही. तासभर मोकळा असेल अशी वेळ ठरवा. ‘असं लिही’ म्हणण्याऐवजी ‘इथे मला कळलं नाही’ असं म्हण, एवढं एकच वळण त्याला लावा. तो निबंध त्यालाच लिहावासा वाटायला लागला तर हसून थांबवा. आणि पुढच्याच आठवड्यात त्याचा निबंध तितक्याच मन लावून वाचा. त्याने मागितला नसेल तरी आपणहून विचारा. दुसऱ्याचा निबंध उलटा ठेवून मराठीत सांगून बघितला की स्वतःच्या निबंधातली पोकळ जागा फार चटकन सापडते.

ऐकताना स्वतःची बाजू मांडू नका. ‘अरे, मला तसं म्हणायचं नव्हतं’ हे वाक्य तोंडावर येईलच. ते वहीत लिहा, कारण जे म्हणायचं होतं तेच निबंधात यायला हवं. त्या रात्री ड्राफ्टला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी दोन्ही वाचकांच्या खुणा शेजारी ठेवा. दोघेही एकाच ओळीशी अडले असतील तर त्यांची कारणं वेगळी असली तरी ती जागा दुरुस्त करा, आणि ती स्वतःच्या शब्दांत करा. एकच जण अडला असेल तर निर्णय तुमचा. जुना ड्राफ्ट तारखेसह जपून ठेवा. पुष्कळदा आठवड्याने जुनंच वाक्य बरं वाटतं.

शेवटी तारखा, कारण मित्रालाही बोर्डाचा अभ्यास आहे. कॉमन ॲप दर वर्षी १ ऑगस्टला नव्याने उघडतं. अनेक कॉलेजांच्या अर्ली, म्हणजे लवकर अर्ज करणाऱ्यांच्या, फेरीची मुदत १ नोव्हेंबरच्या आसपास असते, नियमित फेरीची बहुतेक ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी यूकासची मुदत १५ ऑक्टोबर, तिथल्या संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. कॅलिफोर्नियाची मुदत ३० नोव्हेंबरच्या सुमारास, तिथल्या वेळेने. मुदतीच्या तीन-चार आठवडे आधी मित्राला ड्राफ्ट द्या, आणि शेवटच्या आठवड्यात नव्या कुणालाही वाचायला देऊ नका. त्या आठवड्यात एकच काम उरतं: अर्जाचा प्रिव्ह्यू उघडून, दुसऱ्या कॉलेजाचं नाव चुकून राहिलंय का, हे त्याच मित्राला शेजारी बसवून बघणं.