नर्सिंगच्या परीक्षेसाठी क्लिनिकल ज्ञानाची उजळणी कशी करावी

जीएनएम ही नर्सिंगची पदविका किंवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून स्टाफ नर्स अथवा नर्सिंग ऑफिसर पदाच्या परीक्षेला बसणाऱ्या नागपुरातील विद्यार्थ्यांना मी शिकवते, आणि त्यांच्या तयारीत मला एकच उणीव पुन्हापुन्हा दिसते. आकडा त्यांना पाठ असतो, पण तो बिघडलेला रुग्ण डोळ्यांसमोर उभा राहत नाही. रक्तातील पोटॅशियम ३.५ ते ५ असते, हे कोणीही सांगते. तेच पोटॅशियम ६.८ आले तर ईसीजीत टी लाट उंच आणि टोकदार होते, कॅल्शियम ग्लुकोनेट हृदयाचे रक्षण करते पण पोटॅशियम उतरवत नाही, आणि ते पेशींच्या आत ढकलण्याचे काम ग्लुकोजसोबत दिलेले इन्सुलिन करते, एवढी साखळी मात्र फार थोड्यांना सलग सांगता येते. हल्लीचे प्रश्न नेमके या साखळीच्या मधल्या कड्यांवर येतात.

म्हणून उजळणीची सुरुवात गाइडपासून न करता वॉर्डापासून करावी. मेडिकल, मेयो, डागा या नागपुरातील सरकारी रुग्णालयांपैकी जिथे पोस्टिंग झाली असेल तिथला एक रुग्ण आठवावा आणि वहीत त्याच्या नावाऐवजी केवळ आजार लिहून चार गोष्टी नोंदवाव्यात: कोणता आकडा बिघडला होता, तो बिघडल्याचे अंगावर काय दिसत होते, सिस्टरांनी सर्वांत आधी काय केले, आणि तेच आधी का केले. चौथ्या रकान्याला सर्वाधिक वेळ द्यावा. पान लिहून झाले की वही मिटून ते मनातल्या मनात पुन्हा उभे करावे, दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी. नुसते वाचत राहिल्याने मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि तो आपल्याला येतो असा भास होतो; मिटलेल्या वहीसमोर हा भास टिकत नाही.

सर्वाधिक गुण जातात ते ‘सर्वप्रथम काय कराल’ या प्रकारच्या प्रश्नांत, कारण चारही पर्याय बहुधा बरोबरच असतात, फक्त क्रम विचारलेला असतो. रक्त चढवायला सुरुवात करून दहा मिनिटे झाली, रुग्णाला हुडहुडी भरली आणि तो कंबर दुखत असल्याचे सांगतो. डॉक्टरांना कळवणे, पिशवी व सेट ब्लड बँकेकडे पाठवणे, लघवीचा नमुना घेणे हे सगळे करायचेच आहे, परंतु आधी रक्त थांबवायचे, आणि त्यानंतर नव्या सेटने नॉर्मल सलाइन लावून शीर चालू ठेवायची. याउलट शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण ‘दुखते आहे’ एवढेच म्हणत असेल, तर इंजेक्शन देण्याआधी कुठे, किती आणि कसे दुखते हे तपासावे लागते. मी विद्यार्थ्यांना यातला फरक असा सांगते: धोका प्रश्नातच स्पष्ट दिलेला असेल तर कृती आधी, आणि माहिती अपुरी असेल तर तपासणी आधी. त्यापुढे श्वासमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण हा क्रम लावला की उरलेले पर्याय आपोआप गळतात.

गणिताची भीती अनेकांना असते, आणि ती पूर्णपणे घालवता येते. सलाइनच्या साध्या सेटमध्ये बहुधा २० थेंबांचा एक मिली होतो, मायक्रो सेटमध्ये ६० थेंबांचा. ५०० मिली चार तासांत द्यायचे असेल तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटे, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. मायक्रो सेटमध्ये तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, त्यामुळे तिथे गणित करावेच लागत नाही. भाजलेल्या रुग्णाचे गणित जरा लांब आहे, आणि त्यात एक खाच आहे. ५० किलो वजनाच्या रुग्णाची छाती-पोटाची पुढची बाजू आणि एक पूर्ण हात भाजला आहे, म्हणजे शरीराच्या भागांना नऊच्या पटीत टक्के देणाऱ्या नऊच्या नियमाने १८ अधिक ९, एकूण २७ टक्के. पार्कलँडच्या सूत्राने (४ मिली गुणिले वजन गुणिले भाजलेले टक्के) ४ गुणिले ५० गुणिले २७, म्हणजे पहिल्या २४ तासांत ५,४०० मिली रिंगर लॅक्टेट, आणि त्यातले निम्मे, २,७०० मिली, पहिल्या आठ तासांत. हे आठ तास भाजल्याच्या क्षणापासून मोजायचे असतात, रुग्ण दाखल झाल्यापासून नव्हे. तो उमरेडहून कॅज्युअल्टीत पोहोचेपर्यंत दोन तास गेले असतील, तर २,७०० मिली उरलेल्या सहा तासांत, म्हणजे तासाला ४५० मिली द्यावे लागते. परीक्षक ही खाच हमखास ठेवतात.

इन्सुलिनच्या बाबतीत आपल्याकडे एक वेगळी काळजी घ्यावी लागते, कारण सरकारी रुग्णालयांत ४० युनिटची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट असलेली, व्हायल सर्रास असते आणि बाजारात मिलीला १०० युनिटचेही इन्सुलिन मिळते. ४० युनिटच्या व्हायलमधले इन्सुलिन १०० युनिटच्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत भरले, तर रुग्णाला प्रत्यक्षात ८ युनिटच मिळतात. उलट १०० युनिटचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरले, तर २० ऐवजी ५० युनिट जातात आणि रुग्णाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. एका सराव परीक्षेत माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी हा प्रश्न चुकवला, तेव्हापासून मी तो दोन रिकाम्या सिरिंज हातात देऊन शिकवते.

औषधांच्या प्रतिविषांची यादी पाठ करावी लागतेच: हेपॅरिनला प्रोटामिन सल्फेट, वॉरफॅरिनला व्हिटॅमिन के, पॅरासिटामॉलला एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन, मॉर्फिनला नॅलोक्सोन, शेतीच्या ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेला अ‍ॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम. परंतु गरोदरपणातील झटक्यांवर देतात त्या मॅग्नेशियम सल्फेटसमोर केवळ ‘कॅल्शियम ग्लुकोनेट’ लिहून थांबू नये. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाची गती आणि लघवीचे प्रमाण पाहायचे असते, कारण हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. लघवी कमी झाली की ते रक्तात साठते, आणि विषबाधेत आधी गुडघ्याची प्रतिक्रिया जाते, श्वास त्यानंतर मंदावतो.

विदर्भातल्या विद्यार्थ्यांनी दोन विषय आपले म्हणून करावेत. पहिला सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आधीचे मूल निरोगी असले तरी ती बदलत नाही. वेदनेच्या झटक्यात भरपूर द्रव, वेदनाशामक आणि ऊब द्यायची, बर्फाचा शेक कधीही नाही, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आणि तिचे लक्ष्य वर्ष २०४७ आहे, हेही लक्षात ठेवावे. दुसरा विषय उष्माघात. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर आणि सोबत बरळणे किंवा गुंगी असेल, तर पाणी फवारून पंख्याचा वारा द्यायचा, मान, काखा व जांघांत बर्फ ठेवायचा. पॅरासिटामॉलचा येथे उपयोग नाही, कारण हा मेंदूने वाढवलेला ताप नव्हे.

सीनियरांच्या नोट्स आणि बर्डीच्या बाजारातून आणलेली जुनी गाइडे वापरताना तीन प्रकरणे नव्याने तपासून घ्यावीत. लसीकरणात इंजेक्शनच्या पोलिओ लसीचा तिसरा अंशतः डोस नवव्या महिन्यात आला आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ चे वाचावेत: सलाइनचा सेट आणि कॅथेटर लाल पिशवीत, सुई पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्यात, रक्ताने भरलेले ड्रेसिंग पिवळ्यात. सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून देण्याच्या उपचारात, प्रौढांसाठी छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

सराव परीक्षा वेळ लावूनच सोडवावी. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक-तृतीयांश गुण वजा होतो, त्यामुळे चार पर्यायांपैकी एकही बाद करता येत नसेल तर प्रश्न सोडून द्यावा, आणि एक जरी खात्रीने बाद झाला तर उत्तर द्यावे. चुकलेला प्रत्येक प्रश्न वेगळ्या वहीत उतरवून, आपण तो का चुकवला हे त्याखाली एका ओळीत लिहावे. शेवटच्या दोन दिवसांत ही वही आणि गणिताची पाच-सहा उदाहरणे एवढेच काढावे, आणि त्या आठवड्यात रात्रपाळी येत असेल तर इन्चार्ज सिस्टरांशी आधीच बोलून ती बदलून घ्यावी.