कांदा अनुदानासाठी कागद आधीच जमवा

2023 मध्ये राज्य सरकारने लेट खरीप लाल कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये अनुदान दिलं. शेतकऱ्यामागे मर्यादा 200 क्विंटल, म्हणजे जास्तीत जास्त 70,000 रुपये. कांदा 1 फेब्रुवारी ते 31 मार्चमध्ये विकलेला हवा होता. पुढची योजना केव्हा येईल ते सांगता येत नाही, म्हणून कागद हंगामातच जमवा.

पहिलं काम ई-पीक पाहणीचं. पीक रानात उभं असतानाच ॲपवरून फोटो काढून नोंद करा. एकदा कांदा काढला की फोटो कशाचा घेणार? सातबाऱ्यावर कांदा दिसला नाही तर अर्ज तिथेच अडकतो.

सोलापूर बाजार समितीत माल उतरवल्यावर अडत्याकडून पक्की हिशोबपट्टी घ्या. नाव, तारीख, वजन, दर तिथल्या तिथे वाचा. पट्टी मुलाच्या नावावर अन् सातबारा वडिलांचा, ही चूक घरोघरी होते. 2023 ला अशांना सहमतीचं शपथपत्र द्यावं लागलं. गाडी भरतानाच ड्रायव्हरकडे सातबाऱ्यावरचं पूर्ण नाव लिहून द्या. पट्टीची शाई उडते, मोबाईलवर फोटो ठेवाच.

बँक खातं आधारला जोडलेलं आणि चालू आहे ना, तेही बघा.