इथेनॉल टँकजवळ वायफाय लावताय? मग हे आधी वाचा

साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत आता टँक फार्मपर्यंत (साठवणीच्या टाक्यांच्या आवारापर्यंत) वायफाय हवं असतं, टॅबवर रीडिंग भरायचं असतं, मग कोणीतरी साधा आउटडोअर एपी (अ‍ॅक्सेस पॉइंट, वायफाय देणारं यंत्र) आणतो, त्यावर आयपी ६७ लिहिलेलं बघतो आणि खांबावर लावून मोकळा होतो. अहो, आयपी ६७ म्हणजे फक्त धूळपाणी आत जात नाही, ठिणगीशी त्याचा काही संबंध नाही. इथेनॉल साधारण १३ अंशालाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्याकडे जवळपास वर्षभर, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असते, खाली डाइकमध्ये, म्हणजे टाक्यांभोवतीच्या बांधाच्या आत, साचून राहते.

तर आधी सेफ्टीवाल्यांकडून झोनचं ड्रॉइंग मागा, म्हणजे पेटणारी वाफ कुठे किती वेळ असू शकते त्याचा नकाशा. टँकच्या आत झोन ० (वाफ कायम), व्हेंटभोवती, म्हणजे वाफ बाहेर पडायच्या तोंडाभोवती, झोन १ (अधूनमधून), त्याच्या पलीकडे झोन २ (क्वचित) असं साधारण असतं पण अंतर अंदाजाने धरू नका. माझं स्पष्ट मत, जमत असेल तर एपी झोनच्या बाहेर उंच पोलवर लावा आणि डायरेक्शनल अँटेना टँककडे वळवा, खर्च पण वाचतो आणि दुरुस्तीला दरवेळी परमिट लागत नाही. टॅब मात्र झोनच्या रेटिंगचाच हवा, हे सगळेच विसरतात.

झोन १ मध्येच लावायची वेळ आली तर फ्लेमप्रूफ बॉक्स घ्या, गॅस ग्रुप आयआयबी (इथेनॉलची वाफ ज्या गटात मोडते तो), टी२ (बॉक्स किती तापू शकतो त्याचा वर्ग) किंवा त्याहून कडक, आणि पेसोचं (स्फोटक-सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) अप्रूव्हल बघूनच. या बॉक्सची गंमत अशी की आत स्फोट झाला तरी गरम गॅस झाकणाच्या अगदी बारीक फटीतून जाताना थंड होतो आणि बाहेरची वाफ पेटत नाही. म्हणून ती फट जपायची, तिथे रंग नको, ओरखडा नको, सिलिकॉन तर अजिबात नको, आणि एकही बोल्ट कमी चालत नाही. एका ठिकाणी मी पाहिलं, फिटरने अँटेनाची वायर काढायला बॉक्सला ड्रिलने भोक पाडून एमसील भरलं होतं! मी लगेच पॉवर बंद करायला लावली, तो बॉक्स आता फक्त लोखंडाचा डबा उरला होता.

अँटेना बाहेर काढायला सर्टिफाइड आरएफ कपलर (रेडिओ सिग्नल बॉक्सबाहेर नेणारा जोड) मिळतो, तोच वापरा. आयआयबीला रेडिओ पॉवरची मर्यादा ३.५ वॅट आहे आणि त्यात अँटेनाचा गेन (अँटेना सिग्नल एका दिशेला किती वाढवतो ते) पण धरायचा. केबल आर्मर्ड, ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथला घट्ट जोड) फ्लेमप्रूफ डबल कम्प्रेशन, निदान पाच थ्रेड पूर्ण बसलेले, केबलच्या रिकाम्या एंट्रीला सर्टिफाइड प्लग, प्लास्टिकची टोपी नाही. पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणं) १०० मीटरपर्यंतच, पुढे फायबर टाका. बॉक्स आणि पोल दोन्हींचं अर्थिंग करा.

काम सुरू करण्याआधी हॉट वर्क परमिट (ठिणगी उडू शकेल अशा कामाची लेखी परवानगी) आणि मीटरने गॅस टेस्ट, जेवून परत आलात की पुन्हा टेस्ट. पॉवर चालू असताना झाकण उघडायचं नाही, पासवर्ड-सेटिंग सगळं ऑफिसमध्ये टेबलावरच उरकून घ्या.