सोसायटीच्या पार्किंगमध्ये हेल्मेट तपासणी कशी घ्यावी

‘हेल्मेट घाला’ असं सांगणारे फलक पुष्कळ झाले. पण डोक्यावर जे आहे ते खरोखर हेल्मेट आहे की पोलिसाला दाखवायचं प्लॅस्टिकचं टोपलं, हे सहसा कुणी पाहत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये हेल्मेट न घातलेले 50,029 दुचाकीस्वार देशात मरण पावले, आणि त्यांतले 14,337 मागे बसलेले होते. म्हणून प्रचार करायचाच असेल तर भाषण ठेवू नका. पार्किंगमध्ये टेबल मांडा आणि प्रत्येकाचं हेल्मेट हातात घेऊन तपासा. सोसायटी, कंपनी, कॉलेज, कुठेही हे दोन-तीन तासांत होतं.

वेळ लोक गाडी काढतात ती निवडू नका. सकाळी सगळे घाईत असतात. रविवारी नऊ ते बारा किंवा कंपनीत शिफ्ट सुटतानाची वेळ बरी. एका हेल्मेटला पाच मिनिटं धरा. एका टेबलावर दोघे असले तर तासाला वीसेक हेल्मेट नीट पाहून होतात. सामान थोडंच लागतं: शिंप्याची टेप, टॉर्च, बीआयएस केअर ॲप (आयएसआय चिन्ह देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोचं) टाकलेला फोन, नोंदवही आणि दोऱ्याने बांधायच्या कागदी चिठ्ठ्या. हेल्मेटच्या बाहेरच्या कवचावर स्टिकर चिकटवू नका, कारण काही गोंदांतलं द्रावण पॉलिकार्बोनेटला, म्हणजे कवचाच्या प्लॅस्टिकला, कमकुवत करतं. रंग, थिनर आणि पेट्रोलने पुसणं याच कारणासाठी वाईट. चिठ्ठी पट्टीला बांधा. निरोप पाठवताना मागे बसणाऱ्यांची आणि मुलांची हेल्मेटही आणायला सांगा, नाहीतर घरटी एकच हेल्मेट येईल.

आधी क्रमांक, मग बाकी सगळं

आयएसआय चिन्ह आहे एवढ्यावर समाधान मानू नका. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि दुचाकीच्या हेल्मेटसाठी तो आयएस 4151 असायलाच हवा. बांधकामावरच्या हेल्मेटलाही आयएसआय चिन्ह असतं, पण त्यावर आयएस 2925 लिहिलेलं असतं. ते वरून पडणाऱ्या विटेसाठी आहे, रस्त्यावर आपटणाऱ्या डोक्यासाठी नाही. चिन्हाच्या खाली रोमन अक्षरांत सीएम/एल आणि पुढे परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये परवाना पडताळणीच्या जागी टाका. उत्पादकाचं नाव, मानक आणि परवाना चालू आहे की संपला, हे समोर येतं. इथे तीन प्रकारे बनवाबनवी उघडी पडते: क्रमांक अस्तित्वातच नसतो, तो दुसऱ्याच कंपनीचा निघतो, किंवा भलत्याच वस्तूच्या परवान्याचा असतो. हे हेल्मेट आणणाऱ्याला स्वतःच्याच फोनवर करायला लावा. डोळ्यांनी पाहिलं की वाद उरत नाही.

1 जून 2021 पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं, विकणं, आयात करणं, साठवणं बेकायदा आहे. फक्त ‘डॉट’ (अमेरिकेचं मानक) लिहिलेली चकती भारतात चालत नाही, आणि तशा चकत्या सुट्ट्याही मिळतात.

यानंतर टॉर्च घेऊन आत पाहा. मऊ कापडी गादी बाजूला सारली की कडक, दाट थर्माकोलचा थर दिसला पाहिजे. जीव वाचवतो तो हा थर. आपटल्यावर तो चिरडतो आणि चिरडताना धक्का स्वतःत घेतो. बोटाने दाबलं आणि स्पंजसारखं आत गेलं, किंवा कवचाच्या आत थेट फोम लागला, तर ते हेल्मेट बाद. एकदा चिरडलेला थर्माकोल परत फुगत नाही, म्हणून अपघातात आपटलेलं हेल्मेट बाहेरून नवं दिसलं तरी बदलायचं. आरशावर अडकवून ठेवायची सवयही मोडायला सांगा, कारण आरशाचं टोक आत खड्डा पाडतं. अपघात झाला नसला तरी पाचेक वर्षांनी हेल्मेट बदलावं. घाम, ऊन आणि तेलाने आतलं सगळं सैल होतं.

माप, पट्टी, बक्कल

खरं आयएसआय हेल्मेटही सैल असेल तर पडताना आधी तेच डोक्यावरून निघतं. भुवयांच्या वर साधारण दोन सेंटिमीटर टेप धरून डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून फिरवा. आलेला आकडा हेल्मेटवरच्या मापाशी जुळवा: 580 म्हणजे 58 सेंटिमीटर, 600 म्हणजे 60. टोपी, अंबाडा, मोठा क्लिप आधी काढायला सांगा. बहुतेकांचं हेल्मेट एक माप मोठं निघतं, कारण दुकानात घालायला-काढायला सोपं जातं तेच उचललं जातं. नवं हेल्मेट गालांना घट्ट वाटलंच पाहिजे. काही आठवड्यांत गादी दबते. मात्र दहा-पंधरा मिनिटांत कपाळावर एकाच जागी दुखू लागलं तर डोक्याचा आकार आणि त्या हेल्मेटचा आकार जुळत नाही, दुसरं बघा.

बसलंय की नाही ते असं पाहा. हेल्मेट धरून डावी-उजवीकडे फिरवा. गालाची आणि कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. मग पट्टी लावून, मान किंचित पुढे झुकवून, मागच्या कडेला बोटं घालून वर आणि पुढे ढकला. डोक्यावरून निघालं तर नापास. पट्टी आणि हनुवटी यांच्यात एक-दोन बोटं, त्याहून जास्त जागा नको. रॅचेट बक्कलचे, म्हणजे दातेरी पट्टी सरकवून अडकवायच्या बक्कलचे, दात झिजलेले असतात, तेव्हा लावून जोरात ओढून पाहा. दोन कड्यांचं बक्कल असेल तर पट्टी दोन्हींतून नेऊन परत एकीतून उलटी आणायची असते. नुसती ओवलेली पट्टी झटक्यात सुटते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 नुसार पट्टी बांधलेलं हेल्मेटच हेल्मेट धरलं जातं, आणि ते मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. कलम 194डी खाली 1000 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र ठरणं, ही शिक्षा.

मुलांकडे जास्त वेळ द्या. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट सक्तीचं आहेच. 15 फेब्रुवारी 2023 पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट, चालवणाऱ्याशी बांधणारा सेफ्टी हार्नेस आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा, असा नियम आहे. मोठ्यांचं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवून काम भागत नाही.

जे ऐकायला मिळेल

‘इथल्या इथेच जायचंय’ हे सगळ्यांत जास्त. त्याला गणित सांगा: बसलेल्या माणसाचं डोकं दीड मीटर उंचीवरून सरळ खाली पडलं तरी जमिनीला ताशी 20 किलोमीटरच्या आसपास वेगाने आपटतं. गाडी उभी असली तरी. ‘मान दुखते’ म्हणणाऱ्याला त्याचं हेल्मेट घालायला लावून पाहा. बहुधा ते सैल असतं आणि वाऱ्याने मागे खेचलं जातं. ‘रात्री दिसत नाही’ यामागे काळी किंवा ओरखडलेली काच असते. पारदर्शक काच स्वस्तात बदलून मिळते, ती साबणाच्या पाण्याने धुवावी आणि मऊ फडक्याने टिपावी. ‘घातलं तरी मरायचं ते मरतंच’ याला उत्तर अभ्यासांत आहे: अनेक देशांतल्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतल्यावर हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका 42 टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्के कमी होतो असं निघालं. कुणाची टर उडवू नका. ज्याचं हेल्मेट नापास होतं त्याने ते बहुतेकदा पैसे मोजून, चांगल्या हेतूनेच घेतलेलं असतं.

नापास निघालेल्यांची मापं वहीत टिपून ठेवा आणि दुकानदाराशी एकत्र बोला. किमतीआधी दोन अटी घाला: प्रत्येकाला पक्कं बिल आणि माप न जमल्यास बदलून देणं. नवी दुचाकी घेताना तिच्यासोबत मानकाचं हेल्मेट देणं उत्पादकावर बंधनकारक आहे, हेही लोकांना सांगा. खोट्या चिन्हाचं हेल्मेट सापडलं तर चिन्हाचा, परवाना क्रमांकाचा आणि बिलाचा फोटो काढून बीआयएस केअर ॲपमधूनच तक्रार करा. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांकही आहे. बीआयएस कायद्यात अशा विक्रीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या वेळी किमान दोन लाख रुपये दंड आहे.

जमा झालेली बाद हेल्मेटं तशीच भंगारवाल्याला देऊ नका, ती धुऊन पुन्हा रस्त्याच्या कडेला विकायला येतात. पट्ट्या मुळापासून कापा, आतला थर्माकोल फोडा, कवचाला ड्रिलने दोन-तीन भोकं पाडा, मगच द्या.